घसा बसला तेव्हा

शाळेत मुलं माझं नाव घेत नसत. ‘शिट्टी आली रे’ म्हणत आणि पटापट ओळीत उभी राहत. अठ्ठावीस वर्षं मी पीटीचा तास घेतला. त्यातली पहिली वीस वर्षं तरी हे वाक्य कानावर पडलं की मला बरं वाटायचं. मी मैदानाच्या फाटकातून आत पाऊल टाकायच्या आधीच शंभर पायांची धूळ खाली बसते, ही काही लहान गोष्ट नव्हे. आमच्या गणिताच्या सरांना ते छडी हातात घेऊनही जमत नव्हतं.

हे लिहितोय ते मी चुकलो होतो, एवढं सांगण्यासाठी. सगळंच चुकलो असं नाही, त्याबद्दल पुढे बोलेन. पण मुख्य जागी चुकलो, आणि ते कळायला माझा घसा बसावा लागला.

आधी माझा तास कसा असायचा ते सांगतो. पस्तीस मिनिटं. त्यात हजेरी, ओळी, गणवेशाची तपासणी. मग सावधान-विश्राम, दहिने मूड, हातांचे चार प्रकार, कमरेचे दोन. उरलेल्या वेळात खेळ. खेळ म्हणजे खो-खो, आणि खो-खो म्हणजे संघातली बारा मुलं. तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर असायच्या. वर्षाच्या कोणत्याही दिवशी त्या तोंडावरच असायच्या. बाकीची पोरं चिंचेखाली बसून टाळ्या वाजवायची किंवा माती उकरायची. कोणी विचारलं असतं, तर ‘ती प्रेक्षक म्हणून खेळ शिकतायत’ असं उत्तर मी दिलं असतं. कोणी विचारलं नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटावर ढाली वाढत होत्या.

हे मी कुठून शिकलो? माझ्या सरांकडून. ते एनडीएसवाले. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी 1954 मध्ये राष्ट्रीय शिस्त योजना, म्हणजेच एनडीएस, सुरू केली, ती फाळणीत घरदार सुटलेल्या निर्वासितांच्या मुलांसाठी. ज्यांचं सगळंच विस्कटलेलं आहे, त्या मुलांना एका ओळीत उभं राहण्यात, एका तालावर पाय टाकण्यात आधार वाटला असेल, हे मला आजही पटतं. पुढे ती योजना देशभरच्या शाळांत पसरली आणि तिचे शिक्षक खेड्यापाड्यांत पोचले. आमचे सर खाकी पँट, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी शिट्टी वाजवली की वेदगंगेच्या पलीकडची म्हसरंही मान वर करायची, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. झालो. फक्त माझ्यासमोर निर्वासितांची मुलं नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं नाही.

त्यातून गाव गारगोटी. 13 डिसेंबर 1942 ला इथल्या कचेरीवर चालून गेलेल्यांपैकी सात जण हुतात्मा झाले. अशा गावात 15 ऑगस्टचं संचलन ढिसाळ झालेलं लोकांना चालत नाही. पालकसुद्धा दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सांगायचे, ‘सर, औंदा पोरांचे पाय एका लायनीत पडत हुते.’ हे प्रशस्तिपत्र मला पुरायचं.

आणि गारगोटीत राहून शिक्षणावर बोलायचं तर जे. पी. नाईकांना वगळून पुढे जाता येत नाही. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. 1952 मध्ये त्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं आणि 1964 ते 66 या काळात ते कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाच्या अहवालात शारीरिक शिक्षणाविषयी थोडंच आहे, पण जे आहे ते नेमकं आहे. खेळानं शरीर कमावलं जातं, पण तेवढंच नाही. चिकाटी, संघभावना, पुढारपण, नियम पाळणं, जिंकल्यावर संयम आणि हरल्यावर तोल याही गोष्टी त्यातून येतात, असं अहवाल म्हणतो. शिवाय सरकारी योजना नुसत्या शरीराच्या तंदुरुस्तीवर भर देतात आणि शिक्षण म्हणून खेळाचं जे मोल आहे ते विसरतात, अशी तक्रारही त्यात आहे. बी.पी.एड.ला असताना यावर हमखास टीप यायची. मी ती घोकली, लिहिली, पूर्ण गुण घेतले. मग ज्या गावात त्या अहवालाच्या सचिवानं आयुष्यातली उमेदीची वर्षं घातली, त्याच गावात पुढची वीस वर्षं त्या टिपेतला एक शब्दही मैदानावर उतरवला नाही.

मला कोणी सांगितलं नाही असंही नाही. एकदा जीवनकौशल्यांच्या प्रशिक्षणाला आम्हाला पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेल्या दहा कौशल्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला: स्वतःची ओळख, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, ताण आणि भावना हाताळणं, अशी यादी. एका तरुण प्रशिक्षकानं आम्हा चाळीस-पन्नास वर्षांच्या पीटी शिक्षकांना गोलात बसवून ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळायला लावलं. खेळ संपल्यावर विचारलं, ‘यातून आपण काय शिकलात?’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘सहकार्य.’ मामाच्या पत्रात सहकार्य कुठून आलं, ते मला अजून कळलेलं नाही. त्या प्रशिक्षणाचं मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या आड मी आणखी काही वर्षं काढली.

माझा युक्तिवाद तयार होता. मुंबईत 1999 पासून मॅजिक बस ही संस्था वस्त्यांतल्या मुलांना खेळांतून घडवते, नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला, हे मी वाचलं होतं. चांगलंच आहे म्हणायचो, पण ते शहरासाठी. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 पासून सृजन आनंद विद्यालयात आनंदानं शिकण्याचा प्रयोग चालवला, तेही शहरातलं. आमची पोरं शेतात वाढलेली, झाडावर चढणारी, नदीत डुंबणारी. गल्लीत दिवसभर खेळतात, भांडतात, मिटवतात. त्यांना ‘कौशल्य’ मी शिकवायचं? माझं काम त्यांना ओळीत उभं करायचं.

या युक्तिवादातला अर्धा भाग खरा होता, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला.

2017 चा ऑगस्ट. पाऊस झिमझिम चालू, त्यात संचलनाचा सराव. आठ दिवस ओरडून आणि शिट्टी फुंकून माझा घसा पूर्ण बसला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, आणि ती शिट्टी घरी ठेवा. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावानं जिथे विद्यापीठ आहे, त्या तालुक्यात मौनाला कोण नाही म्हणणार? रजा शिल्लक नव्हती. पावसानं उघडीप दिली तसा सातवीचा वर्ग मैदानावर आणला, खडूनं पाटीवर लिहिलं ‘तुम्ही खेळा’ आणि कट्ट्यावर बसलो.

मला वाटलं, आता गल्लीतले खेळ बाहेर येतील. आले नाहीत. सेहेचाळीस पोरं माझ्याकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटांनी कोणीतरी लगोरी म्हणालं. कुंपणाशी चपट्या दगडांना तोटा नव्हता, चेंडू माझ्याकडे होता. मग गडी वाटून घ्यायला दहा मिनिटं गेली. चकायचं कसं हे निम्म्यांना येत नव्हतं. मला हे नवीन होतं. आमच्या लहानपणी चकता न येणारं पोर म्हणजे जेवता न येणारं पोर. पण यांच्यातली निम्मी वाड्यांवरून एसटीनं येणारी. सहाच्या गाडीनं घरी पोचायची तोवर दिवे लागलेले. गावातल्यांना शिकवणी होती आणि शिकवणीनंतर मोबाईल. मी ज्या गल्लीच्या भरवशावर निवांत होतो, ती गल्ली मोकळी पडली होती. कधी पडली, मला पत्ता नव्हता.

डाव सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला थांबला. ‘लागला!’ ‘न्हाई लागला!’ दोन्ही बाजू धावत माझ्याकडे. ‘सर, तुमी सांगा, लागला का न्हाई?’ मी गळ्याकडे बोट दाखवलं. पोरं गोंधळली. पंच समोर बसलाय आणि निकाल देत नाही, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, बटण तुटलं, मला मध्ये पडावं लागलं. घंटा झाली. पस्तीस मिनिटांत खेळ झाला जेमतेम तीन मिनिटं. स्टाफरूममध्ये गणिताचे सर म्हणाले, ‘आज काय बाजार भरवला होता काय?’ मी मान हलवली. बोलता येत असतं, तर त्या दिवशी मीही तेच म्हणालो असतो.

नंतरच्या तासाला मी पुन्हा गप्प, कारण इलाज नव्हता. पण मुलांनी या वेळी खेळायच्या आधीच भांडण काढलं. लागला की नाही हे कोण ठरवणार? एक मुलगी म्हणाली, ‘ज्याला लागला त्यानंच सांगायचं.’ पोरं हसली. ‘मग काय, कोणच बाद व्हायचं न्हाई!’ ती म्हणाली, ‘त्याला सोडून दुसऱ्या कुणाला कळतंय, सांगा बघू?’ यावर उत्तर सापडेना. तोच नियम ठरला. पहिल्याच डावात एकानं पाठीवर सणसणीत बसलेला चेंडू नाकारला. सगळ्या मैदानानं पाहिलं. ‘रडीचा डाव!’ म्हणून एकच गिल्ला झाला. तो रुसून चिंचेखाली जाऊन बसला. कोणी बोलवायला गेलं नाही. त्याच्या पुढच्या तासाला तो आपणहून आला आणि चेंडू शर्टाला घासला न घासला तोच हात वर करून बाहेर पडला.

हे मी त्याला वीस वर्षांत शिकवू शकलो नसतो. माझ्या तासाला खोटं बोलायची गरजच नव्हती आणि खरं बोलायचीही. लागला की नाही ते शिट्टी सांगायची. शिट्टीची नजर चुकवणं एवढंच मुलांच्या हातात उरायचं, आणि ते त्यांना उत्तम यायचं.

आता ज्या मुलामुळे मी खरा हललो, त्याच्याविषयी. अंगानं जाड, पळताना दम लागणारा. पाचवीपासून मी त्याला हजेरीवही सांभाळायचं काम दिलं होतं. चेंडू मोजायचा, शिट्टीची डबी आणायचा. मुलं त्याला हजेरीमंत्री म्हणायची. मी समजत होतो, मी त्याला वाचवतोय. पळवून चारचौघांत हसू करण्यापेक्षा मानाचं काम दिलेलं बरं. त्याच्या आईनंही एकदा माझे आभार मानले होते. दोन वर्षांहून जास्त काळ तो मुलगा पीटीच्या तासाला एकदाही धावला नव्हता आणि प्रगतिपुस्तकात मी त्याला ‘ब’ श्रेणी देत होतो.

त्या आठवड्यात हजेरीच नव्हती, त्यामुळे मंत्रीही नव्हता. तो खेळायला उतरला आणि अर्थातच पहिला बाद. दुसऱ्या डावात पुन्हा पहिला बाद. इथे एक साधा हिशेब आहे, तो मला पदवी घेऊनही दिसला नव्हता. ज्या खेळात बाद झालेला बाहेर बसतो, त्या खेळात सर्वांत कमी खेळायला मिळतं ते सर्वांत कच्च्या मुलाला. ज्याला सराव हवा, तोच बसून राहतो. संगीत खुर्चीपासून डॉजबॉलपर्यंत आमचे निम्मे खेळ असे आहेत.

तिसऱ्या डावाला कोणीतरी म्हणालं, ‘ह्येला लिंबूटिंबू करूया.’

मी कट्ट्यावर सरळ होऊन बसलो. लिंबूटिंबू! किती वर्षांनी हा शब्द ऐकत होतो. खेळात लहान भावंडाला घ्यायचं, सगळ्यांबरोबर पळू द्यायचं, पण बाद धरायचं नाही, ही सोय मराठी मुलांनी कोणत्याही पुस्तकात न वाचता केली. तसंच ‘टाईमप्लीज’. चपलेचा अंगठा तुटला, काटा रुतला, आईनं हाक मारली की डाव थांबवायचा हक्क. तसंच ‘राज्य’. ज्याच्यावर येतं त्याला ते नको असतं, पण घ्यावं लागतं आणि दिलंही जातं. यातलं शहाणपण मोठ्यांच्या राज्याला सुचलेलं नाही. दुबळ्याला सामावणं, थांबायचं कधी, जबाबदारी फिरती ठेवायची कशी, हे सगळं गल्लीत होतं. मी मैदानावर फक्कीनं रेषा आखल्या आणि ते सगळं रेषेबाहेर ठेवलं. माझ्या खो-खोत लिंबूटिंबूला जागा नव्हती, होती ती चिंचेखाली.

मी असा स्वतःवर खूश होऊन मनातल्या मनात भाषण करत होतो, तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘मी लिंबूटिंबू न्हाई.’

‘अरे, मग बाद हुतोस की सारखा.’

‘हुंदे बाद. पर चेंडू डाव्या हातानं टाकायचा. समद्यांनीच.’

मैदानात एकदम शांतता. मग वाद. सगळ्यांनी का? नुसतं त्याच्यासाठी टाकू की. तो म्हणाला, नको, नुसतं माझ्यासाठी केलं तर मी लिंबूटिंबूच झालो. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की एक पोरगा डावखुरा आहे. ‘त्येनं उजव्या हातानं टाकायचा!’ डावखुऱ्यानं ते कबूल केलं. डाव सुरू झाला आणि धमाल उडाली. ज्यांचा नेम तालुक्यात गाजलेला, त्यांचे चेंडू कुंपणापलीकडे. लगोरी रचायला वेळ मिळू लागला, डाव लांबला, आणि आमचा हजेरीमंत्री दहा-बारा मिनिटं मैदानावर टिकला. दोनदा त्यानं वरचे दोन दगड ठेवले. धापा टाकत होता, लालबुंद झाला होता.

दोन वर्षांहून जास्त काळ चिंचेखाली बसून त्यानं खेळ जेवढा पाहिला, तेवढा मी मैदानाच्या मध्ये उभा राहून पाहिला नव्हता. खेळ कुठे अडतो आणि कुठे सैल करता येतो, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. विचारणारं कोणी नव्हतं. आणि माझी दया काय, मुलांचा लिंबूटिंबू काय, त्याला दोन्ही नको होतं. त्याला खेळायचं होतं, सगळ्यांसारखं बाद होऊन.

घसा बरा झाला. शिट्टी पुन्हा गळ्यात आली. पण आता मी एक वाईट खोड लावून घेतली: घड्याळ लावून बघायची. शिपाईमामांना एका तासाला बसवलं आणि वर्गातल्या एका मध्यम मुलीचं नाव देऊन सांगितलं, ही प्रत्यक्ष किती वेळ हालचाल करते ते मोजा. माझ्या जुन्या पद्धतीच्या तासात पस्तीसपैकी सहा मिनिटं, त्यातली चार कवायतीची. त्या कागदाचा मला राग आला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजायला लावलं. पाच मिनिटं आली.

पुढे वाचनात पियाजे आला. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं 1932 च्या आपल्या पुस्तकात मुलांची नीतिबुद्धी कशी वाढते हे शोधायला काय घेतलं असेल, तर गोट्या! मुलांबरोबर बसून तो विचारायचा, हे नियम कोणी केले, बदलता येतील का? लहान मुलं म्हणायची, नियम कायमचे, मोठ्यांनी दिलेले, बदलणं पाप. दहा-बारा वर्षांच्या आसपास मुलांना उमगतं की नियम आपण आपसांत ठरवलेले असतात, सगळे कबूल असतील तर बदलता येतात, आणि म्हणूनच पाळायचे असतात. माझी सातवीची मुलं नेमकी त्या वयाची होती आणि मी त्यांना वर्षानुवर्षं पहिल्या पायरीवर धरून ठेवलं होतं. नियम शिट्टीतून येतात, एवढंच त्यांना माहीत.

तेव्हापासून माझ्या तासात दहा मिनिटं भांडणाला राखून ठेवलेली असतात. कोणता खेळ, बाद झालेल्यानं काय करायचं, कोणता नियम आज बदलायचा. मी मारामारी सोडून कशातही पडत नाही. हे लिहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जीभ दातांखाली धरून बसावं लागतं. उत्तर मला दिसत असतं, मुलं भलतीकडे जात असतात, घड्याळ पळत असतं. कधी दहाची पंचवीस मिनिटं होतात आणि खेळ होतच नाही. मुख्याध्यापक व्हरांड्यात येऊन उभे राहतात. एका पालकानं विचारलं, ‘पोराला भांडायला शिकवायला शाळेत घातलंय व्हय?’ मी म्हटलं, ‘व्हय.’ त्यांना ते आवडलं नाही.

खो-खोसुद्धा मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. आपल्या भाषेत ‘खो घालणं’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात मोडता घालणं. मैदानावर मात्र खो म्हणजे आपला पाठलाग दुसऱ्याच्या हवाली करणं. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. समोरचा हुलकावणी देऊन पलीकडे गेला की आपलं काम संपलं, आता योग्य दिशेला तोंड करून बसलेल्या गड्याला खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचं. माझ्या संघातला सर्वांत वेगवान मुलगा खो द्यायचाच नाही. तीन गडी ओलांडून पळत सुटायचा, आणि मी त्याला शाबासकी द्यायचो. आता त्याच्यासारख्यांना मी विचारतो, ‘कधी द्यायला हवा होता?’ बहुतेकांना उत्तर येतं. द्यायला जड जातं, एवढंच. मलाही शिट्टी द्यायला जडच गेली. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. मुलांनी मोबाईलवर सामने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वाद कशावर झाला? कोणी खो उशिरा दिला यावर.

आता उरलेला कबुलीजबाब. मी तासाची पद्धत बदलल्यानंतर आमचा संघ दोन वर्षं तालुक्यात पहिल्याच फेरीत हरला. सरावाचा वेळ मी सगळ्यांत वाटला, त्याचा तो परिणाम होता. सबब सांगणार नाही. ढाल न आल्याचं मला वाईट वाटलं, आणि संघातल्या ज्या मुलांना पुढे जाता आलं असतं त्यांचं नुकसान झालं हेही खरं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्य घेऊन आला, तो क्रीडा प्रबोधिनीतल्या कडक तालमीतून. तशी तालीम लागते. ती शाळा सुटल्यावर, वेगळी द्यायला हवी, हे मी उशिरा केलं. तासाचा वेळ मात्र सेहेचाळीसांचा.

कवायतही मी सोडलेली नाही. शंभर पोरांची लेझीम एका ठेक्यावर पडते, तेव्हा अंगावर येणारा काटा खोटा नसतो. ती शिस्त नव्हे, तो आनंद आहे. मी त्याला नाव चुकीचं दिलं होतं.

आणि ‘जीवनकौशल्य’ हा शब्द मला अजून आवडत नाही. 2024 पासून शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आला, कल्पना चांगली आहे. पण खेळ संपल्या संपल्या मुलांना ‘काय शिकलात’ विचारलं की ती पाढा म्हणावा तसं ‘सहकार्य, संघभावना’ म्हणतात. मी टीप घोकली होती, ती तोंडी घोकतात. मी तो प्रश्न विचारायचं बंद केलंय. ‘नियम बरोबर होता का? उद्या काय बदलायचं?’ एवढंच विचारतो. त्याचं उत्तर पाठ करता येत नाही.

ही मुलं मोठेपणी शहाणी होतील असा दावाही करणार नाही. लगोरीत स्वतः हात वर करणाऱ्या त्याच वर्गातली दोघं-तिघं पुढच्या गणपतीत मंडळाच्या वर्गणीवरून हातघाईवर आली. मैदानावरचं मैदानाबाहेर नेणं ही सर्वांत अवघड पायरी. ती मला जमलेली नाही.

माझ्या निवृत्तीला आता फार दिवस नाहीत. पीटीचा तास घेणाऱ्या, किंवा दुसऱ्या विषयाला तो देऊन टाकणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. येत्या आठवड्यात कोणालातरी घड्याळ घेऊन बसवा आणि तुमच्या वर्गातलं सर्वांत कच्चं मूल पस्तीस मिनिटांत किती वेळ खेळलं ते मोजा. आकडा दहाच्या वर आला, तर मला गारगोटीत निरोप पाठवा. तुमचा तास बघायला येईन. शिट्टी आणणार नाही.